जुनी कॅराव्हॅन, बेताचे पैसे: आधी पाणी अडवा, मग रंगाचा डबा उघडा

पहिली जुनी कॅराव्हॅन दारात आली त्या दिवशी मी सगळ्यात आधी काय आणलं असेल, तर रंग. दोन डबे, एक फिकट निळा आणि एक दुधी. तीन रविवार खपून आतल्या भिंती रंगवल्या, पडदे लावले, फोटो काढून चार जणांना पाठवलेही. चौथ्या रविवारी पाऊस आला. पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तपकिरी ओघळ निघाला आणि ताज्या दुधी रंगावरून थेट गादीपर्यंत पोचला. पुसायला म्हणून बोट लावलं, तर बोट भिंतीत गेलं. आतलं लाकूड भिजून भिजून ओल्या भुशासारखं झालं होतं. मग रंग, भिंत, गादी, सगळंच उचकटलं.

तेव्हा मी ज्या क्रमाने काम करायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहितोय. मोटारीच्या मागे जोडून ओढायची ही चाकांवरची खोली बाहेरून साधी दिसते, पण तिचे दोन शत्रू आहेत, पाणी आणि वजन. हे दोन सांभाळले तर बाकीचं काम हौसेनं आणि स्वस्तात होतं. त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, तर वरून कितीही पैसे ओता, पुरत नाहीत.

घेण्याआधी: अंगठा, नाक आणि टॉर्च

गाडी बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. दार उघडल्यावर पहिला श्वास नीट घ्या. बंद कपाटात विसरलेल्या ओल्या टॉवेलचा वास आला, तर गळती आहे हे धरूनच चाला. जोराचा अत्तराचा किंवा ताज्या रंगाचा वास आला तर जास्तच सावध व्हा. ज्या एकाच भिंतीला नवा कागद लावलाय तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा. वरून कीर्तन आतून तमाशा हा प्रकार या बाजारात भरपूर.

मग अंगठा. खिडक्यांच्या खालचे कोपरे, छत आणि भिंत मिळतात ती रेघ, छतावरच्या खिडकीभोवतीचा भाग, पलंगाखालच्या आणि बाकांखालच्या पेट्यांचे आतले कोपरे, या सगळ्या जागा दाबून बघा. चांगली भिंत टणक लागते. कुजलेली दबते किंवा करकरते. पेट्या उघडून आत टॉर्च मारा. बाहेरच्या भिंती लोकांना रंगवता येतात, पेटीच्या आतला काळा डाग कुणी रंगवत बसत नाही.

दोन टाचण्यांचं मॉइश्चर मीटर मिळालं, उसनं का होईना, तर घेऊन जा. ढोबळ हिशेब असा: १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवायचं, २० च्या वर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या वर गेलं तर आतली चौकट बहुधा गेलेली असते. एका आकड्यावर विसंबू नका. सगळ्या भिंतीवर हातभर अंतराने मोजा आणि आकडा कुठे अचानक चढतो ते बघा.

बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याभोवती पांढरी भुकटी दिसली, तर पत्रा आतल्या बाजूने ओलीमुळे खाल्ला जातोय. दाराजवळ आणि ओट्यासमोर जमिनीवर टाचा दाबत चाला. जमीन गादीसारखी दबली किंवा चुरचुर वाजली, तर तिचे थर सुटलेत. खाली वाकून सांगाडा बघा. वरवरचा तांबूस गंज खरवडून निघतो, पापुद्रे सुटणारा गंज मात्र नको.

सगळ्या खिडक्या शाबूत आहेत ना, हे नवखे हमखास विसरतात. या खिडक्या काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या असतात आणि त्या त्या मॉडेलसाठी साच्यात घडवलेल्या असतात. जुन्या मॉडेलची फुटलेली खिडकी शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. भिंत दुरुस्त करता येते, पण खिडकी हाताने बनत नाही.

कागदपत्रं, सांगाड्यावरचा नंबर आणि विकणाऱ्याचं नाव जुळतंय ना, तेही तिथेच पाहा. जमीन मऊ, भिंती मऊ आणि सांगाडा कुजका असं तिन्ही एकत्र आलं, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

पैशांची वाटणी आधीच कागदावर लिहा. माझी वाटणी अशी असते: निम्मे पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांना, म्हणजे गळती, चाकं, ब्रेक, गॅस, वीज. पाव हिस्सा आतल्या सजावटीला. उरलेला पाव हिस्सा हात न लावता बाजूला, कारण भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच. सजावटीचे पैसे संपले तर जुन्या पडद्यावर भागतं. ब्रेकचे संपले तर भागत नाही.

पहिला आठवडा: काहीही तोडू नका

हात शिवशिवतात, माहीत आहे. तरी थांबा. आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, वायरींचे तर चार बाजूंनी. काढलेले स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यावर जागेचं नाव लिहा. तीन महिन्यांनी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल.

नवखे लोक पहिल्या दिवशी सगळी कपाटं उखडून खोली मोकळी करतात. कॅराव्हॅनमधली कपाटं म्हणजे नुसतं फर्निचर नव्हे, पातळ भिंतींना आणि छताला ती आतून धरून ठेवतात. सगळी एकदम काढली तर भिंत फुगते, दार लागेनासं होतं. एका वेळी एकच कोपरा उघडा, दुरुस्त करा, बंद करा, मग पुढचा.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. चाकांना पाचर लावा. कोपऱ्यातले चार पाय फक्त गाडी डुलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर गाडी उचलायची नाही, ते वाकतात. खाली शिरायचं असेल तर सांगाड्याखाली मजबूत घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड लावून, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही.

गाडी फार जुनी असेल तर हीटरमागच्या किंवा शेगडीजवळच्या करड्या चिवट पत्र्यांना करवत लावण्याआधी तपासून घ्या, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. जुना रंग कोरडा घासतानाही तेच, त्यात शिसं असण्याची शक्यता धरून तो ओला करूनच घासा आणि मास्क लावा.

गळती: खरं काम इथे आहे

आधी भिंतीत काय असतं ते समजून घ्या. बाहेर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांमधल्या जागेत थर्मोकोल आणि खोलीच्या बाजूला साधारण ३ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर कागदासारखं चिकटवलेलं प्लास्टिक. पत्रा सहसा गळत नाही, गळतात ते सांधे. कोपऱ्यांवर दोन पत्रे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्याखाली सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट माल असतं आणि पट्टीतून लाकडात ओळीने स्क्रू गेलेले असतात. काही वर्षांनी सीलंट वाळून तडकतं. मग प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला आत जायची एक नळी. लाकूड ते पाणी पितं, प्लास्टिकमुळे ते खोलीकडे वाळत नाही, आणि बाहेर डाग दिसेपर्यंत आत वर्षानुवर्षांची कूज झालेली असते.

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी छतात शिरून चौकटीवरून वाहत भलत्याच कोपऱ्यात उतरतं. शोधायची पद्धत म्हणजे पाण्याचा पाइप आणि आत बसलेला एक धीराचा माणूस. बाहेरून पाणी खालून वर मारत जायचं. आधी फक्त खिडकीच्या खालची कड, १० मिनिटं. मग बाजू, मग वरची कड, मग पट्टी, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि कुठला सांधा गळतो ते कधीच कळत नाही. दाबाचा फवारा नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवतो.

सांधा सापडला की वरून सीलंटची एक रेघ ओढून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही ओढली होती, न्हाणीघरात वापरतात त्या सिलिकोनची. दोन महिने टिकली. मग खाली आधीच असलेलं पाणी अडकून पडलं आणि वर सिलिकोनचा असा तेलकट थर बसला की त्यावर नंतर रंग बसेना, दुसरं सीलंटही चिकटेना. ते खरवडायला चार दिवस गेले. बाहेरच्या पट्ट्यांना सिलिकोन लावू नका, एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

रीतसर काम असं होतं. पट्टीतलं रबर ओढून काढा, स्क्रू काढा. गंजून अडकलेले स्क्रू ताकद लावून तोडण्यापेक्षा त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. पट्टी वाकू न देता हळूहळू सोडवा. जुनं सीलंट लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनने पुसा, पण टर्पेंटाइन खिडक्यांवर उडू देऊ नका. आता खालच्या लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसून बघा. टणक असेल तर जुनी भोकं लाकडी काड्या आणि गोंद घालून बुजवा. पट्टीच्या पाठीवर न वाळणारी ब्युटिल टेप सलग लावा, सांधा येईल तिथे थोडी एकमेकांवर चढवून. पट्टी जागेवर बसवून स्टेनलेस स्टीलचे नवे स्क्रू मधून कडेला असे घट्ट करत जा. सगळे एकदम आवळू नका. ब्युटिल सावकाश पसरते, त्यामुळे दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं आवळायचं. बाहेर आलेला माल लाकडी पट्टीने कापून टाका, रबर परत बसवा. एका बाजूला एक पूर्ण दिवस जातो. घाई करून दोन बाजू काढल्यात आणि संध्याकाळी ढग आले, तर ताडपत्री शोधत पळाल.

पॉलियुरेथेन सीलंट वाईट नाही, पण ते वाळल्यावर गोंदासारखं पकडतं. जे पुन्हा कधी काढायचं नाही त्यालाच ते लावा.

लाकूड कुजलेलं निघालं तर आतून प्लाय कापावा लागतो. कापताना डागाच्या कडेला थांबू नका, लाकूड टणक लागेपर्यंत पुढे जा. डाग वीतभर असेल तर कूज हातभर निघते, हा माझा अनुभव. ओलं थर्मोकोल काढून टाका आणि मग उघडं ठेवा, आठवडे. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात स्वस्त काम आहे, कारण यात काहीच करायचं नसतं. पंखा लावा, हवा खेळती ठेवा, मीटर १५ च्या खाली येईपर्यंत हात लावू नका. ओलं लाकूड बंद केलंत तर कूज आत पुढे चालूच राहते.

चौकटीची नवी पट्टी जुन्या मापाचीच घ्या. अर्धी पट्टी चांगली असेल तर जुनी-नवी तिरकी कापून जोडा. तिरका काप जाडीच्या निदान ८ पट लांब ठेवला आणि पाण्याला न सुटणारा गोंद लावला, तर सांधा अखंड लाकडासारखा काम देतो. काटकोनात टोकाला टोक चिकटवलेला सांधा पहिल्या खड्ड्यात सुटतो. मध्ये नवं थर्मोकोल नेमक्या मापाचं कापून घाला, वरून ३ मिलिमीटरचा प्लाय. या टप्प्याला नव्या वायरींसाठी नळ्या टाकून ठेवा. वायर उघडी थर्मोकोलला चिकटवून नेऊ नका. पीव्हीसीचं आवरण थर्मोकोलला लागून राहिलं की त्यातला मऊपणा निघून जातो आणि काही वर्षांत ते कडक होऊन तडकतं.

दबणारी जमीन बऱ्याचदा कुजलेली नसते. वर प्लाय, मध्ये फोम, खाली प्लाय, यातला गोंद सुटलेला असतो. वरच्या प्लायला वीतभर अंतराच्या जाळीत भोकं पाडून पातळ इपॉक्सी (कडक होणारा गोंद) आत सोडतात, वर प्लास्टिक टाकून जड वजन ठेवतात, आणि वाळल्यावर भोकात लाकडी खुंट्या ठोकून सपाट घासतात. खालचा प्लाय मात्र फोडायचा नाही, म्हणून ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून किती खोल जायचं त्याची खूण करा.

खिडक्या धुवायला नुसतं साबणाचं पाणी. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, काचेचे फवारे यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लागलं की आत बारीक तडे जातात, आणि ते परत जात नाहीत.

चाकं आणि ब्रेक

हे काम मी स्वतः करत नाही. हब उघडणं, बेअरिंगला ग्रीस, ब्रेक लायनर, मोटारीने वेग कमी केला की आपोआप लागणारा कॅराव्हॅनचा ब्रेक, हे सगळं जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या आणि त्यात घासाघीस करू नका. तुम्ही करायचं ते बघण्याचं काम. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसली तरी ५ वर्षांनंतर बदलायचं मनात आणा, ७ वर्षांच्या पुढे वापरू नका. सुटं चाकही त्याच वयाचं असतं, ते विसरू नका.

सांगाड्यावरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, गंज रोधक लावा, झिंकचा प्रायमर, वर रंग. जस्ताचा मुलामा दिलेल्या सांगाड्याला भोकं पाडू नका.

गॅस

जुन्या रबरी नळ्या आणि रेग्युलेटर बिनशर्त बदला. बाकीची जोडणी परवानाधारक माणसाकडून, बस्स.

पण एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन जवळपास दुप्पट. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणून जमिनीत मुद्दाम जाळीची भोकं ठेवलेली असतात. नवी फर्शी टाकताना वारा येतो म्हणून लोक ती बुजवतात. ती भोकं बुजवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वरची हवेची भोकंही तशीच मोकळी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि धुराचा अलार्म रंगाच्याही आधी घ्या. शेगडी खोली गरम करायला पेटवायची नाही. आणि थंड प्रदेशात फिरणार असाल तर ब्युटेन साधारण ० अंशाच्या आसपासच बाष्प होणं थांबवतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत चालतो. थंडीत शेगडी पेटेना म्हणून रात्री खटपट करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

वीज: आधी वही, मग बॅटरी

घरगुती विजेची जोडणी, तिचा ट्रिप स्विच आणि अर्थिंग हे वायरमनचं काम. १२ व्होल्टची बाजू शिकून करता येते. पण खरेदीआधी हिशेब लिहा, कारण दुकानदार नेहमी एक आकडा मोठी बॅटरी सुचवतो.

माझा एका दिवसाचा हिशेब असा होता. ३ वॉटचे पाच एलईडी ४ तास, म्हणजे ६० वॉट-तास. २० वॉटचा पंखा ८ तास, १६०. पाण्याचा ४० वॉटचा पंप सगळा मिळून पाव तास, १०. दोन फोन, साधारण ३०. बेरीज २६०. भागिले १२, म्हणजे सुमारे २२ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. तेव्हा १०० अँपिअर-तासाची बॅटरी खरी ५० देते, आणि ती दोन दिवस पुरते. छतावर १०० वॉटचं एक सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २५ परत भरतं. हिशेब जमला.

मग बायको म्हणाली, फ्रिज. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ४५ वॉटचा, निम्मा वेळ चालतो धरला तरी दिवसाला ५४० वॉट-तास, म्हणजे आणखी ४५ अँपिअर-तास. एका फ्रिजने आमचा खर्च तिप्पट केला. आम्ही बर्फाची पेटी घेतली. तुम्ही फ्रिज घ्या हवं तर, पण वहीत लिहून घ्या.

१२ व्होल्टला वायर जाड लागते. ६० वॉटचं उपकरण ५ अँपिअर ओढतं. ते बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात वाटेत अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्टही नाही. पंखा मंद फिरतो, फ्रिज बंद पडतो, आणि लोक बॅटरीला दोष देतात. बहुतारी तांब्याची वायर घ्या, एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पुढे प्रत्येक फांदीला वेगळा. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिची पेटी बाहेरच्या बाजूला हवा जाईल अशी.

वजन, म्हणजे नाकापेक्षा मोती जड

आतलं काम सुरू करण्याआधी दाराजवळची किंवा सांगाड्यावरची वजनाची पाटी वाचा. तिथे कमाल वजन लिहिलेलं असतं. मग रिकामी गाडी वजनकाट्यावर घाला. दोन्हींतला फरक हीच तुमची सगळी चैन. त्यात कपडे, भांडी, पाणी, बॅटरी, मंडप आणि तुमचं नवं लाकूड सगळं बसवायचंय. ४० लिटरची टाकी भरली की ४० किलो तिथेच गेले.

गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने १८८५ मध्ये हौसेने फिरण्यासाठी कॅराव्हॅन बनवून घेतली, तेव्हा महोगनी वापरली आणि ओढायला दोन घोडे जुंपले. आपल्याकडे एकच मोटार आहे आणि तिचा क्लच आहे. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, पॉप्लरचा ८. पाच चौरस मीटरमध्येच २० किलोचा फरक. पलंगाला पातळ प्लाय आणि खाली पट्ट्यांची चौकट करा, ती तेवढीच भक्कम होते. दगडी ओटा, खऱ्या टाइल्स, पक्क्या लाकडाची दारं हे फोटोत छान, रस्त्यावर नाही. टाइल्स तर हादऱ्यांनी सुटतातही.

जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर, हलक्या वरच्या कपाटात. मोटारीच्या हूकवर येणारा भार गाडीच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १,००० किलोला ५० ते ७० किलो, आणि तुमच्या हूकची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती मर्यादा पाळायची. मागे जास्त वजन टाकलं तर गाडी वेगात सापासारखी वळवळायला लागते. जुना मागचा पलंग काढून तिथे पुस्तकांची मांडणी करणाऱ्या एका मित्राने हे स्वतः अनुभवलंय. पुस्तकं आता घरी आहेत.

आता रंग

इथवर आलात म्हणजे कोरड्या, बंद, हलक्या गाडीत उभे आहात. आता डबा उघडा.

जुन्या भिंतींवर आणि कपाटांवर प्लास्टिकचा गुळगुळीत थर असतो. त्यावर थेट मारलेला रंग नखाने निघतो. आधी तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने दोनदा धुवा, ओट्याभोवती तीनदा. कोरडं झाल्यावर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी जाईपर्यंत घासा, जोर लावून थर फाडू नका. धूळ ओल्या फडक्याने टिपा. मग गुळगुळीत पृष्ठभागाला पकडणारा प्रायमर. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, लहान खोलीत वास कोंडत नाही. बारीक फोमचा रोलर, पातळ तीन हात. जाड एक हात मारला तर ओघळ येतात आणि कपाटाची दारं एकमेकांना चिकटतात. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो, तोवर दारं उघडी ठेवा आणि वर काही ठेवू नका. बिजागऱ्या रंगवू नका, काढून ठेवा. कड्या मात्र खुशाल बदला, थोडक्या पैशांत सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडतो.

बाहेरून पत्रा रंगवायचा असेल तर उघड्या ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा प्रायमर लागतो. वर साधा एका डब्याचा एनॅमल, रोलरने लावून लगेच मऊ ब्रशने वरवर फिरवायचा. दोन डबे मिसळायचे गाडीचे रंग फवारू नका, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं आणि साधा मास्क ते अडवत नाही.

फर्शीला पातळ व्हिनाइल पुरतं. गाद्यांचे फोम चांगले असतील तर फक्त खोळी बदला. फोम नवा घ्यावा लागला तर आगीला लवकर न धरणारा घ्या. गादीखाली अखंड फळीऐवजी पट्ट्या ठेवा, नाहीतर रात्रीच्या श्वासाचं पाणी गादीखाली साचतं आणि आपण पुन्हा ओलीपाशी येतो. पाण्याच्या नळ्या जुन्या असतील तर पिण्याच्या पाण्याच्या नव्या टाका, टाकी निर्जंतुक करून दोनदा धुवून घ्या.

पहिली रात्र

लांबच्या प्रवासाला लगेच निघू नका. पाऊस असेल अशी एक रात्र घराजवळच गाडीत झोपा, आणि पाऊस नसेल तर संध्याकाळी तासभर छतावर पाण्याचा पाइप सोडा. सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन पेट्यांचे आतले कोपरे बघा आणि मीटर लावा. मग छोटी फेरी. चाकं काढून बसवलेली असतील तर ५० किलोमीटरवर थांबून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) सगळे नट पुन्हा तपासा. मी माझ्या पहिल्या फेरीत तपासले तेव्हा डाव्या चाकाचे दोन ढिले निघाले.